तलावाकाठचा टॉवर आणि मावशीचं गाणं

मावशीच्या गाण्यात धडधड ऐकू आली, तेव्हा आधी मला वाटलं, हेडफोन बिघडला. मी तो काढला, पुसला, परत कानात घातला. धडधड तशीच. मावशीचा आवाज वर चढला की ती मागे जायची आणि मावशी दम घ्यायला थांबली की पुढे यायची, जणू तीच आता गाणार. मी गच्चीवर गेले. तलावाच्या बाजूला पाहिलं. लाईन, म्हणजे वीज, गेलेली होती आणि टॉवरखालचा जनरेटर चालू होता.

तेव्हा नुसता वैताग आला. सकाळी मोबाईलवर घेतलेला एवढा चांगला आवाज वाया गेला, एवढंच वाटलं. बाकीचं सगळं नंतर आलं.

मी आसगावात राहते. तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते आणि रोज स्कुटीने जाते-येते. नवरा धानाची शेती बघतो. आमचं घर तलावाच्या वाटेवर आहे, त्यामुळे ढिवर मोहल्ल्यातल्या बाया मासे घेऊन निघाल्या की पहिलं दार आमचं लागतं. मावशी त्यांच्यातलीच. माझ्या सख्ख्या नात्यातली नाही, पण मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिला मावशी म्हणते. ती मला बाई म्हणते, कारण मी शिकवते.

मावशी गाणी करते. कुणाची ऐकलेली नाही, स्वतःची. जाळ्यातली मरळ बगळ्याने पळवली, त्याचं गाणं. शिंगाड्याचा वेल सडला, त्या वर्षाचं गाणं. सुनेने चुलीवर भात ठेवला आणि फोनवर बोलत बसली, भात करपला, त्याचंही गाणं. सुनेच्या समोर म्हणते आणि सून हसते. पूर्वी तिच्यासोबत तिची धाकटी जाऊ असायची. मावशी ओळ टाकायची आणि जाऊ ती उचलायची. डोंगा पाण्यात असला आणि दोघी त्यात असल्या की काठावर बसून ऐकावं असं ते असायचं. जाऊ पुढे आजारी पडली आणि गेली. मावशी काही महिने गायलीच नाही. मग एकटीच गायला लागली, पण ओळ टाकल्यावर थोडी थांबते. अजूनही थांबते.

मी ती गाणी मोबाईलवर घ्यायला लागले ते जाऊ जिवंत होती तेव्हापासून. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती. तिने मला एक चॅनेल काढून दिलं. "आई, तुझ्या फोनमध्ये पडून राहून काय होणार? लोकांना ऐकू दे," ती म्हणाली. मी पहिलं गाणं चढवलं ते बगळ्याचं.

चार दिवसांनी मावशी मासे न घेताच दारात उभी. तिचा मुलगा हैदराबादला इमारतीच्या कामावर आहे. वर्षातून एकदा येतो.

"बाई, काल पोराचा फोन आल्ता," ती म्हणाली. "म्हने, माय, तुहा आवाज इथं आयकू येऊन राहिला. सगडे पोरं मोबाईल घेऊन बसले. आन तो रडत होता वो बाई. एवढा मोठा बाप्या."

ती स्वतःही रडत होती, पण हसतही होती. त्या दिवसापासून मी गाणी चढवायचं थांबवलं नाही.

तेव्हा गावात रेंजचा फार त्रास होता. गाणं चढायला लागलं की अर्ध्यावर अडकायचं. मी मोबाईल घेऊन गच्चीवर जायचे, तिथून पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पाळीवरून मोठ्या आंब्याखाली. कधी पूर्ण चढलं असं वाटायचं आणि कळायचं की नाही. मग पुन्हा. एकेक गाणं मी तीनतीनदा, चारचारदा चढवलं असेल. आवाज वाऱ्याने खराब आला म्हणून परत घेतलेलं, कॅमेरा हलला म्हणून परत घेतलेलं, मावशीला खोकला आला म्हणून परत घेतलेलं, सगळं कुठे ना कुठे ठेवलेलं. पुसून टाकायचा विचारही कधी मनात आला नाही. जागा संपली असं फोन म्हणायचा तेव्हा मुलगी म्हणायची, "वर टाकून दे ना." मी वर टाकायचे. वर म्हणजे कुठे, हे मी विचारलं नव्हतं. आभाळातच असावं, तसं ते वाटायचं.

मग टॉवर आला. तलावाच्या खालच्या कोपऱ्याला लागून एकाची धानाची पडीक बांधी होती, ती कंपनीने घेतली. गावातली सगळी माणसं बघायला. लोखंड चढत होतं आणि पोरं खालून ओरडत होती. सरपंचबाईंनी नारळ फोडला. मीही आनंदात होते. आमच्या घराच्या ओट्यावर बसून गाणं पहिल्यांदा सरसर चढलं तेव्हा मी मावशीला बोलावून दाखवलं होतं.

टॉवरसोबत जनरेटर आला. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईन दुपारी गेली की कधी येईल सांगता येत नाही. लाईन गेली की जनरेटर आपोआप सुरू व्हायचा. आठवड्यातून एकदोनदा एक माणूस मोटारसायकलला डिझेलचे कॅन बांधून यायचा, भरायचा, जायचा.

धडधड ऐकली त्या दिवसानंतर मी जागा बदलून पाहिली. पाळीच्या पलीकडच्या टोकाला गेलो आम्ही, मावशी आणि मी. तिथेही बारीक ऐकू यायचं. मावशीला ते कळत नव्हतं, माझ्या हेडफोनला कळत होतं. "काहून एवढी कानात बोट घालून राहिली?" ती विचारायची. मी म्हणायचे, "आवाज येते ना मशीनचा." ती म्हणायची, "येऊ दे ना. बगळ्याचा येते, तो चालते तुले."

नंतर एक दिवस ती दारात आली आणि टोपली खाली ठेवलीच नाही. तिने ती माझ्या नाकाशी धरली.

"घे. वास घे."

झिंगे होते. ताजे, अजून हलणारे. मी वास घेतला.

"कायचा येते?" तिने विचारलं.

"डिझेलचा."

"बाजारात एक मास्तरीन बाई म्हने, तुह्या झिंग्याले मातीतेलाचा वास येते. टोपलीच परत केली. बाकीच्या बाया मंग आल्याच नाही माह्याकडं."

आम्ही दोघी तशाच निघालो. टॉवरच्या कुंपणाबाहेर जमीन काळी झाली होती. तिथून एक बारीक ओघळ उतरून पाटात जात होता आणि पाट तलावात. कोपऱ्यातल्या उथळ पाण्यात, जिथे मावशीच्या घरची माणसं झिंग्यांना टोपल्या लावतात, तिथे पाण्यावर रंग पसरले होते. जांभळा, हिरवा, सोनेरी. दिसायला सुंदर होतं ते. मी खिशातून मोबाईल काढला, फोटो घ्यायला. आणि मग हात तसाच राहिला. मावशी माझ्याकडे पाहत होती असं नाही. ती पाण्यात उतरून टोपल्या उपसत होती. पण माझ्याच्याने फोटो निघेना.

त्या आठवड्यात मुलगी नागपूरहून आली. ती आता कॉम्प्युटरचं शिकते, शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला तलावाचं सांगितलं. ती ऐकून घेत होती आणि मग सहज म्हणाली, "हे तर दिसणारं आहे आई. न दिसणारं वेगळंच असते."

"म्हणजे?"

"तू जे चढवते ना, ते कुठंतरी मशीनमध्ये राहते. मोठमोठ्या हॉलमध्ये मशीनी असतात, रात्रंदिवस चालू. कोणी ऐको न ऐको. गरम होतात म्हणून थंड करावं लागते. कुठं पाण्याने करतात, कुठं एसीने. त्याला लाईन लागते. आणि लाईन आपल्याकडे कशाने बनते? कोळशाने."

आम्ही तिला सोडायला हायवेवर शहापूरपर्यंत जातो, तिथून तिला नागपूरची बस मिळते. त्या रस्त्याने पुढे गेलं की लांबून वीज केंद्राची धुराडी दिसतात. इतक्या वर्षांत मी ती कितीदा पाहिली असतील. त्यांचा माझ्याशी संबंध आहे असं कधी मनात आलं नाही. आमच्या घरात पंखा फिरतो तेवढाच काय तो संबंध.

"माझी गाणी?" मी विचारलं. "बगळ्याचं गाणं? ते पण?"

"तुझं एकटीचं काही नाही गं. तू कायले एवढं मनावर घेते? लोक दिवसभर काय काय टाकत असतात. तुझं म्हणजे समुद्रात थेंब."

ती मला समजावण्यासाठी म्हणाली, पण मला त्याने काहीच शांत वाटलं नाही. थेंबाचं म्हणणं तर डिझेलवालाही म्हणू शकला असता. तलावात थेंबच पडत होता.

तेव्हापासून मला एक सवय लागली. वर्गात शिकवताना मुलांच्या बाकाखाली मोबाईल उजळला की मी बोलता बोलता थांबायचे. पूर्वी रागावून थांबायचे, आता त्या उजेडाकडे बघत राहायचे. कुठली तरी मशीन आत्ता गरम झाली असेल. घरी कोणी मला सकाळचं फूल पाठवलं, शुभ सकाळ लिहिलेलं, तर मी ते पुसून टाकायचे आणि पुसूनही अस्वस्थ राहायचे, कारण तेच फूल त्या बाईने आणखी कितीजणींना पाठवलं असणार. नवरा म्हणाला, "तू आता चिडचिडी होऊन राहिली. एका टॉवरचं घेऊन बसली." त्याचं खरं होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आणि बाहेरून आत नुसती फिरत असायचे.

डिझेलवाल्याला मी एकदा गाठलं. तो कॅन ओतत होता. साधा माणूस, कुठल्या तरी पलीकडच्या गावचा. मी कडक आवाजात विचारलं की जुनं तेल काढून कुठे टाकता.

"इथंच," त्याने सांगितलं. लपवलं नाही. "कुठं नेऊ मॅडम? मोटारसायकलवर कॅन भरून आनतो, तेवढंच. जुनं न्याले कोणी सांगतलं नाही मले."

"तलावात जाते ते."

त्याने तलावाकडे पाहिलं. खरंच पहिल्यांदा पाहिल्यासारखं. मग म्हणाला, "मी वर सांगतो. पन मॅडम, वरचे माहं आयकत नाही. आन मशीन बंद ठेवली तर गावातले फोन येतात मले, रेंज काहून गेली म्हनून. तुमच्याच गावातले."

सरपंचबाईंकडे गेले. टॉवरसाठी त्यांनी दोन वर्षं चकरा मारल्या होत्या. "तक्रार केली आन त्याईनं टॉवरच उचलला तर?" त्या म्हणाल्या. "मंग आजारी माणसासाठी गाडी कशी बोलवायची, सांगा. टॉवर नव्हता तवा कशी पंचाईत झाल्ती?" मावशीच्या मोहल्ल्यातही तेच. मासेमारी संस्थेच्या बैठकीत माणसं झिंग्यांवरून तावातावाने बोलली आणि टॉवर काढायला सांगायचं का असं कोणी विचारलं तेव्हा सगळे आपापल्या मोबाईलकडे बघायला लागले. प्रत्येकाचं कोणी ना कोणी बाहेरगावी होतं.

मावशीने मात्र तोवर गाणं केलं होतं.

ते तिने मला पाळीवर ऐकवलं, ऊन उतरल्यावर. मी सवयीने मोबाईल पुढे धरला होता. तिने पदर कमरेला खोचला, टॉवरकडे तोंड केलं आणि सुरू केलं:

लोखंडाचा बगडा आला, पाळीवर उभा झाला,
मासोडी नाही खाल्ली त्यानं, तलाव पिऊन गेला.

पुढे झिंग्यांचं होतं, परत आलेल्या टोपलीचं होतं, आणि शेवटी मुलाचं होतं, की बगळ्याच्या चोचीतून पोराचा आवाज येतो, आता याला मारू कशी. ती थांबली. जावेच्या ओळीसाठी थांबते तशीच थांबली. इतकं चांगलं गाणं तिने कधीच केलं नव्हतं.

"चढव," ती म्हणाली.

मी हो म्हटलं आणि चढवलं नाही.

रोज बोट तिथपर्यंत न्यायचे आणि मागे घ्यायचे. तलाव पिणाऱ्या टॉवरचं गाणं, त्याच टॉवरमधून पाठवायचं. ते कुठल्या तरी थंड केलेल्या हॉलमध्ये जाऊन बसणार, कोळशावर. आणि नाही पाठवलं तर? तर गाणं मावशीच्या आणि माझ्यात राहणार, ओघळ वाहत राहणार. मावशी दोनदा विचारून गेली. मी एकदा म्हटलं, वेळ नाही मिळाला, एकदा म्हटलं, रेंज नाही.

तिसऱ्यांदा ती ओसरीत बसली. "रेंज नाही म्हनते," ती म्हणाली. "समोर टॉवर उभा हाय."

मग मी खरं सांगितलं. मशीनी, हॉल, पाणी, कोळसा. माझ्या मुलीने सांगितलेलं जसंच्या तसं. ती ऐकत होती. मला वाटलं, तलावावरची बाई, हिला माझं पटेल.

"म्हनजे माहं गानं गेलं तर कोळसा जळते," ती म्हणाली.

"थोडासा."

"आन तुमच्या टीव्हीतल्या बाया नाचतात, तवा?"

"तेव्हा पण जळते."

"मंग त्याईले जाऊन सांग ना! मलेच कायले सांगून राहिली? माह्यासारखीचंच तोंड दिसलं तुले बंद कराले?"

"बंद नाही गं मावशी, मी फक्त..."

"पोरगा दर इतवारी विचारते, माय, नवीन काय केलं. काय सांगू त्याले? बाईनं कोळसा वाचवला म्हनू?"

ती उठून गेली. चहाचा कप भरलेला तसाच राहिला. त्यानंतर बरेच दिवस ती आमच्या दारावरून गेली, पण थांबली नाही. सून यायची मासे घेऊन. मी सुनेला विचारायचे, मावशी कशी आहे. "चांगली हाय," एवढंच ती म्हणायची. गल्लीतून मावशीचा आवाज यायचा आणि मी दारात जाईपर्यंत ती पुढे निघून गेलेली असायची. मी त्या दिवसांत कशातच नव्हते. भाजीत मीठ दोनदा पडायचं. तिचं बरोबर आहे असं वाटायचं आणि मुलीने सांगितलेलं खोटं ठरत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी डोक्यात घेऊन मी भात शिजवत होते.

शेवटी मुलीलाच फोन केला. ती म्हणाली, "आई, व्हिडिओ कायले पाहिजे? एक फोटो ठेव, त्यावर आवाज. खूप हलकं जाते. आणि एकदाच चढव. तू चारदा चढवते ना, ते बंद कर."

इतकी साधी गोष्ट होती. मी ढिवर मोहल्ल्यात गेले. मावशी जाळं विणत बसली होती. मी सांगितलं की गाणं चढवते, पण व्हिडिओ नाही, नुसता आवाज आणि एक फोटो. कुठला फोटो ठेवू?

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माहा नको. काळ्या पान्याचा ठेव." आणि मग थोड्या वेळाने, "सुनबाई, बाईले चहा दे."

परत येताना मी त्या कोपऱ्यावर थांबून काळ्या पाण्याचा फोटो घेतला. गाणं गेलं. हलकं, एकदाच. मला वाटलं, नेहमीसारखी गावातली आणि हैदराबादची माणसं ऐकतील.

तसं झालं नाही. ते पसरलं. पवनीच्या बाजारात मला अनोळखी पोरांच्या मोबाईलमधून मावशीचा आवाज ऐकू आला. कोंढ्याच्या एका लग्नात डीजेवर वाजलं म्हणे. कोणीतरी त्याला ढोल लावला. कोणीतरी त्यावर कुठल्या कुठल्या नद्यांचे, कारखान्यांचे, मेलेल्या माशांचे व्हिडिओ जोडले. कोणी त्यावर नाचलं. एकाने नुसतं स्वतःचं तोंड दाखवत ते ऐकलं आणि डोळे पुसले, तेही चढवलं. आमच्या हलक्या गाण्याला एवढी लेकरं झाली की मी मोजायचं सोडलं. मुलगी खूश होती, फोन करून सांगायची, आई, आता हे पाहिलंस का. मी पाहायचे आणि फोन पालथा ठेवायचे. मी एक थेंब टाकला होता, काळजीने, आणि लोकांनी नळ सोडून दिला होता.

मावशीला मात्र ढोलवालं फार आवडलं. मुलाने हैदराबादहून पाठवलेलं. "ढोल मस्त वाजवला गा त्यानं," ती म्हणत होती. "मी पुढच्या वक्ती थोडी जलद म्हनीन."

आणि त्या सगळ्या गोंगाटातून एक दिवस पांढरी गाडी आली. कंपनीचे दोघे उतरले. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून पाळीवरूनच पाहत होते. सरपंचबाई, मावशी, संस्थेची माणसं, मी, सगळे जमलो. टॉवर कोणी काढायला सांगितला नाही. मावशीनेच बोलणं केलं. "टॉवर ऱ्हाऊ द्या. तेल घेऊन जा," ती म्हणाली. मी त्यात कागदावर सह्या घेण्याचं वगैरे काम केलं, एवढंच.

महिन्याभरात जनरेटरखाली सिमेंटचा हौद झाला, तेल सांडलं तर त्यात राहावं म्हणून. जुनं तेल आता डब्यात भरून नेतात. डिझेलवालाच नेतो, त्याला मोटारसायकलऐवजी छोटी गाडी दिली. मोठी बॅटरी बसवली, म्हणून मशीन पूर्वीपेक्षा कमी धडधडते. बंद झालेली नाही. कोपऱ्यातला काळा गाळ ढिवर मोहल्ल्यातल्या माणसांनी आणि आमच्या कॉलेजच्या काही मुलामुलींनी टोपल्यांनी उपसला. मीही उतरले. हाताचा वास साबणाने जाईना, लिंबानेही जाईना. त्या कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्यानंतर झिंगे दिसायला लागले, पण मावशी अजून तिथे टोपली लावत नाही. पलीकडे लावते.

गाळ उपसून झाल्यावर मी माझ्याकडची सगळी गाणी पुसायला बसले. सगळी म्हणजे जास्तीची. मी मावशीला बोलावलं, कारण गाणी तिची. आम्ही ओसरीत दुपारभर बसलो. मी लावायचे, ती ऐकायची आणि निकाल द्यायची. ती माझ्यापेक्षा खूप कठोर निघाली.

"हे काहाड. इथं माहा घसा बसला होता."

"हे?"

"काहाड. हे काय गानं होय? उगाच केलं होतं."

आम्ही हसत होतो. कितीतरी गेलं. मला अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला लागलं होतं. मग एक लागलं, अगदी सुरुवातीचं. वारा इतका की शब्द कळत नव्हते. मी पुसायला बोट नेलं आणि वाऱ्यातून दुसरा आवाज आला. धाकट्या जावेचा. मावशी ओळ टाकत होती आणि ती उचलत होती. मध्येच कोणीतरी खोकलं आणि दोघी हसल्या. गाणं तिथेच तुटलं होतं.

मी परत लावलं नाही. मावशीनेच माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि उलटा करून मांडीवर ठेवला, पोराला निजवावं तसा.

"हे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जळू दे मंग कोळसा."

त्या गाण्याचे आणखी दोन खराब प्रकार होते. तेही राहिले. त्यानंतर पुसायचा आमचा उत्साहच गेला. उरलेलं अर्धं तसंच आहे, वर कुठेतरी, चालू मशीनमध्ये. मी त्याचा विचार केला की अजूनही उठून फिरायला लागते. कुठलं ठेवावं आणि कुठलं जाऊ द्यावं हे ठरवणारी मी कोण? आणि कोणीच ठरवलं नाही तर?

मी ठरवलं की आता कमी घ्यायचं. प्रत्येक वेळी मोबाईल न्यायचा नाही. तलावावर गेलं तर नुसतं ऐकायचं, काठावर बसलेल्या माणसाने ऐकावं तसं. ते मला योग्य वाटलं आणि काही दिवस बरंही वाटलं.

या दिवाळीनंतर शिंगाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा मी एका सुट्टीच्या सकाळी पाळीवर गेले. रिकाम्या हाताने. मावशी डोंग्यात बसून वेल उचलत होती, खालचे शिंगाडे तोडून टोपलीत टाकत होती. सून दुसऱ्या टोकाला डोंगा सांभाळत होती. पाण्यावर धुकं होतं, मशीन बंद होती. मावशी गायला लागली. नवीन होतं. कमळकंद, ज्याला आमच्याकडे ढेस म्हणतात, तो उपसताना चिखलातून कोणाचं तरी हरवलेलं पैंजण हाती आलं, असं काहीतरी त्यात होतं. ती ओळ टाकून थांबली आणि या वेळी सुनेने ती उचलली. आयुष्यात पहिल्यांदा. चुकत, लाजत, पण उचलली. मावशीने तिच्याकडे मान वळवून पाहिलं आणि पुढची ओळ जरा जोरात टाकली.

मी नुसती ऐकत होते.

डोंगा काठाला लागला तेव्हा मावशीचा चेहरा फुललेला होता. "घेतलं ना?" तिने विचारलं.

"मोबाईल आणला नाही, मावशी."

"काहून?"

ती डोंग्यातून उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली. "म्हन वो सुनबाई," ती सुनेला म्हणाली, "पयली ओळ काय होती?"

सुनेने सुरुवात केली, दोन शब्दांवर अडली. मावशीने पुढचे घातले, तेही बसेनात. पैंजण कोणाचं होतं? सासूचं होतं की नवरीचं? मला चाल आठवत होती, शब्द नाही. आम्ही तिघी पाण्याच्या काठावर उभ्या राहून ते गाणं शोधत होतो, एक म्हणायची, दुसरी नाही नाही करायची. ऊन चढलं. शिंगाड्यांच्या टोपल्या बाजाराला जायच्या होत्या. मावशीने पदराने तोंड पुसलं.

"गेलं," ती म्हणाली आणि टोपलीचा एक कान माझ्याकडे केला. "धर. जड हाय."

मी धरली.